सात-बारावरचा ‘आकार’ : मावळ, मैदान आणि एका सिद्धान्ताची फसगत

१/
ओझरच्या कोणत्याही शेतकऱ्याचा सात-बारा उतारा हातात घेतला, तर त्यावर ‘आकार’ नावाचा एक रकाना दिसतो. त्यातली रक्कम आजच्या मानाने हसू यावे इतकी लहान असते. शेजारी ‘पोटखराबा’ असा आणखी एक जुना शब्द असतो. बहुतेकांची नजर या दोन रकान्यांवरून तशीच पुढे सरकते. मात्र या रकान्यांमागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात विशीतला एक पदवीधर आहे, लंडनमध्ये नुकताच मांडला गेलेला एक अर्थशास्त्रीय सिद्धान्त आहे, हजारो शेतांची आकडेवारी आहे आणि त्या आकडेवारीवर उभ्या राहिलेल्या धोरणाने ओस पाडलेली शेतेही आहेत. हा थ्रेड त्या हिशेबाविषयी.

२/
आधी भूगोल, कारण या गोष्टीतली अर्धी अडचण भूगोलातच आहे. ओझर हे कुकडीकाठचे गाव, अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे स्थान. कुकडी उगम पावते ती पश्चिमेला, नाणेघाटाच्या परिसरात. तिथे सह्याद्रीचा धो धो पाऊस आणि भातखाचरे. तिथून नदीबरोबर पूर्वेकडे निघाले की शिवनेरी, जुन्नर, मग ओझर आणि पुढे बेल्ह्याच्या बाजूला बाजरीची कोरडवाहू राने. एका दिवसात पायी ओलांडता येईल एवढ्या अंतरात पाऊस, माती, पीक आणि पेरणीचा खर्च, सगळेच बदलते. एकाच तालुक्यात मावळही आहे आणि मैदानही. अशा मुलखात ‘सरासरी शेत’ नावाची गोष्ट कागदावर सापडते, जमिनीवर नाही.

३/
या परिसराला आकड्यांची ओळख इंग्रजांनी करून दिली, असे मात्र नाही. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांची मोजदाद आहे : गाई, घोडे, गावे आणि कार्षापण नावाची नाणी. ११००, १७००, २४४०० अशा संख्या तिथे अंकांत कोरलेल्या आहेत. भारतात अंक लिहिल्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांमध्ये या लेखाची गणना होते. राज्यसत्ता आणि मोजदाद यांचे नाते या डोंगरात किमान दोन हजार वर्षे जुने आहे.

४/
नाणेघाटातले हे लेख आधुनिक अभ्यासकांच्या नजरेस आणले ते विल्यम हेन्री साइक्स याने, १८२८ च्या उन्हाळ्यात. साइक्स लष्करी अधिकारी होता. पण त्या वेळी त्याची नेमणूक होती मुंबई सरकारचा ‘सांख्यिकी वृत्तनिवेदक’ म्हणून. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला हे काम दिले होते. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत फिरून तो लोकसंख्या, पिके, भाव, हवामान, डोंगरांची उंची, पक्षी, मासे असे जे मोजता वा नोंदता येईल ते टिपत होता. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतले लेखही त्याने उतरवून घेऊन प्रसिद्ध केले. पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले.

५/
साइक्स माहिती गोळा करत होता. त्याच वर्षांत त्याच मुलखात दुसरा एक तरुण अधिकारी माहितीवरून धोरण ठरवत होता. त्याचे नाव रॉबर्ट कीथ प्रिंगल. या गोष्टीचा मुख्य नायक तोच. त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी, त्याच्या हाती कोणती व्यवस्था आली होती ते पाहणे आवश्यक आहे.

६/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि जुन्नर प्रांत कंपनी सरकारकडे गेला. इथल्या जमीनमहसुलाला तेव्हा अनेक थर होते. मलिक अंबराच्या काळापासून चालत आलेला ‘तनखा’, थोरल्या माधवरावांच्या काळातला ‘कमाल’ आकार, काठी-पांड-बिघा-चावर ही मोजमापे. गावात वंशपरंपरागत हक्काचे मिरासदार किंवा थळकरी होते आणि बाहेरून येऊन जमीन कसणारे उपरी होते. कोणत्या थळात कोणाची किती जमीन, हे थळझाड्यात लिहिलेले असे. सरकारचा आकडा मुख्यतः संपूर्ण गावावर पडे. तो कोणी किती उचलायचा हे पाटील, कुलकर्णी आणि मिरासदार आपसांत ठरवत.

७/
ही व्यवस्था न्याय्य होती असे समजण्याचे कारण नाही. वजनदार घराण्यांच्या वाट्याला हलका भार येई आणि उरलेला दुबळ्यांवर पडे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात वसुलीचे मक्ते दिले गेले, तेव्हा तर मक्तेदाराला पुढच्या वर्षाचा विचार करण्याचे कारणच उरले नाही. तरीही एक गोष्ट या व्यवस्थेत होती. अमुक रानाला पाणी लागत नाही, तमुक शेत दिसते काळे पण खाली मुरूम आहे, हे गावाला माहीत होते, आणि वाटणीत ते ज्ञान कुठेतरी उतरत होते. नव्या राज्यकर्त्यांना हे ज्ञान वाचता येत नव्हते. एल्फिन्स्टनने सुरुवातीला जुनी घडी फारशी मोडायची नाही असे धोरण ठेवले. पण परक्या सरकारला प्रत्येक गावाच्या तोंडी हिशेबावर कायम विसंबून राहणे मानवणारे नव्हते.

८/
आता इंग्लंडकडे वळू. कंपनीच्या मुलकी नोकरीत येणाऱ्या तरुणांना आधी हर्टफर्डशायरमधील हेलिबरी इथल्या ‘ईस्ट इंडिया कॉलेज’मध्ये शिकावे लागे. तिथे इतिहास आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते टॉमस रॉबर्ट माल्थस. लोकसंख्येवरील निबंधामुळे गाजलेले तेच माल्थस. १८१५ मध्ये त्यांनी जमिनीच्या खंडाविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी डेव्हिड रिकार्डोच्या ग्रंथाने हा विचार अधिक काटेकोर केला. प्रिंगल हा हेलिबरीचा विद्यार्थी. माल्थस यांची व्याख्याने ऐकून तो हिंदुस्थानात आला.

९/
सिद्धान्त थोडक्यात असा. सगळी जमीन सारखी नसते. सर्वांत हलकी जमीन जेमतेम मशागतीचा खर्च भरून काढते. तिच्यापेक्षा चांगल्या जमिनीत तेवढ्याच खर्चात जास्त पिकते. हे जे जास्तीचे, ते शेतकऱ्याच्या मेहनतीमुळे आलेले नसून जमिनीच्या गुणामुळे आलेले असते. त्याला ‘खंड’ म्हणायचे. सरकारने कर लावायचा तर या खंडावर लावावा. त्याने मजुरीला धक्का लागत नाही, भांडवलाला लागत नाही, आणि शेतीही कोणी सोडत नाही. कागदावर हा कर जवळजवळ निर्दोष दिसतो.

१०/
प्रिंगलने हा सिद्धान्त दख्खनच्या मातीत उतरवायचे ठरवले. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे आणि आसपासच्या प्रदेशात त्याची मोजणी चालली. १८२८ मध्ये त्याने आपल्या पद्धतीचा अहवाल सरकारला सादर केला. त्या वेळी तो पंचविशीच्या आसपास होता. पद्धत अशी : शेते मोजायची, मातीची प्रतवारी करायची, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत सरासरी किती पिकते आणि ते पिकवायला किती खर्च येतो हे शोधायचे. उत्पन्नातून खर्च वजा केला की निव्वळ उत्पन्न. त्यातला ५५ टक्के वाटा सरकारचा.

११/
यामागची न्यायबुद्धी नाकारता येत नाही. एकूण उत्पन्नावर ठरावीक वाटा घेतला, तर हलक्या जमिनीवाला मरतो, कारण त्याच्या उत्पन्नाचा बहुतेक भाग बियाणे, बैल आणि मजुरीतच जातो. निव्वळ उत्पन्नावर कर घेतला तर त्याला दिलासा मिळायला हवा. प्रिंगलला कुणब्याला लुटायचे नव्हते. त्याला शास्त्रशुद्ध आणि समान कर बसवायचा होता. म्हणूनच त्याचे अपयश अभ्यासण्यासारखे आहे.

१२/
गडबड कुठे झाली हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका बिघ्यात १० रुपयांचे पीक येते आणि खर्च ६ रुपये आहे. निव्वळ उरले ४. सरकारचा वाटा ५५ टक्के, म्हणजे २ रुपये २० पैसे. आता समजा, अंदाज करणाऱ्याने पीक केवळ २० टक्के जास्त धरले. १० ऐवजी १२. खर्च तोच. निव्वळ उत्पन्न कागदावर ६ झाले आणि सारा ३ रुपये ३० पैसे. पिकाच्या अंदाजातली चूक २० टक्क्यांची, सारा वाढला ५० टक्क्यांनी.

१३/
हलक्या जमिनीत काय होते ते पाहा. पीक ६ रुपयांचे, खर्च ५, निव्वळ १. हिशेबाने सारा ५५ पैसे. इथेही २० टक्के चूक झाली, तर पीक ७ रुपये २० पैसे, निव्वळ २ रुपये २० पैसे आणि सारा १ रुपया २१ पैसे. म्हणजे प्रत्यक्षात जेवढे हाती उरते त्याहून सारा जास्त. जमीन जितकी हलकी, तितकी तीच चूक जास्त जीवघेणी. ज्या बरड रानाच्या मालकाला वाचवण्यासाठी निव्वळ उत्पन्नाचे तत्त्व आणले, त्याच्याच मानेवर अंदाजातल्या चुकीचा सर्वाधिक भार पडतो. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून एक लहान आकडा काढला, की मूळची चूक त्या लहान आकड्यात फुगून बसते. सांख्यिकीच्या आजच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षी कळते. दख्खनमध्ये ते सारा भरणाऱ्यांना कळले.

१४/
आणि चूक होणे अटळ होते. पीक वर्षागणिक बदलते, तर मोजणीला काही मोजकीच वर्षे मिळतात. खर्चाचा आकडा काढणे त्याहून कठीण. कुणब्याच्या घरात बैल स्वतःचे, बियाणे मागच्या पिकातले, राबणारी माणसे घरचीच. या सगळ्याला पैशात किती धरायचे? वाफ्यात दिवसभर वाकलेल्या बाईच्या श्रमाची नोंद कुठल्या रकान्यात करायची? गोऱ्या अधिकाऱ्याला हजारो शेते स्वतः पाहणे शक्य नव्हते. आकडे खालून येत होते : मोजणीदार, कारकून, गावचे कुलकर्णी. ज्याच्या लेखणीवर जमिनीची प्रत ठरते, त्याच्याकडे पैसे घेऊन काळीची बरड करण्याची आणि बरडीची काळी करण्याची सत्ता आपोआप येते.

१५/
पुढच्या काळातल्या इंग्रज अहवालांनी या फसगतीचे खापर प्रामुख्याने ‘नेटिव’ नोकरांच्या लाचखाऊपणावर फोडले. लाचखोरी झाली, यात शंका नाही. पण प्रश्न रचनेचाही होता. नोंद करणाऱ्याला बळ होते, नोंदीची फेरतपासणी पुरेशी नव्हती, आणि ज्याच्या शेताची नोंद होत होती त्याला ती खोडून काढण्याचा मार्ग नव्हता. अशा रचनेत कोणत्याही देशाचे नोकर बसवले असते तरी निष्पत्ती फारशी वेगळी झाली नसती.

१६/
त्यातच भाव घसरले. पेशवाईतल्या फौजा मोडल्या होत्या, दरबार गेला होता, धान्याचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले होते. पुन्हा आपल्या उदाहरणाकडे जाऊ. १० रुपयांच्या पिकाचे ८ च रुपये आले आणि खर्च तेवढाच राहिला, तर निव्वळ २ उरतात. सारा मात्र रोख २ रुपये २० पैसे ठरून गेलेला आहे. सिद्धान्त म्हणतो की कर खंडातून जातो आणि मजुरीला हात लावत नाही. प्रत्यक्षात तो बैल विकून, सावकाराकडून कर्ज काढून भरला जाऊ लागला.

१७/
परिणाम भयंकर झाले. १८७२-७३ च्या मुंबई प्रांताच्या सरकारी प्रशासन अहवालातच त्याची कबुली आहे. वसुलीसाठी कायदेशीर आणि बेकायदेशीर असे सर्व मार्ग वापरले गेले, लोकांचा क्रूर छळ झाला, असंख्य कुटुंबे घरेदारे सोडून शेजारच्या संस्थानांत पळाली, आणि काही भागांत लागवडीयोग्य जमिनीपैकी एक तृतीयांशच कसली जात होती, असे तो अहवाल सांगतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी रमेशचंद्र दत्तांनी आपल्या आर्थिक इतिहासात हा उतारा घेतला आणि तो सर्वत्र पोहोचला. सरकारला ठरलेल्या साऱ्यात सूट द्यावी लागली आणि शेवटी ही आकारणीच सोडून द्यावी लागली. प्रिंगलच्या कारकिर्दीचे मात्र काही बिघडले नाही. १८४७ मध्ये तो सिंधचा कमिशनर झाला.

१८/
पुढचा प्रयोग याच पुणे जिल्ह्यात, पण जुन्नरच्या विरुद्ध टोकाला, आग्नेयेकडच्या दुष्काळी इंदापूर तालुक्यात झाला. १८३५ मध्ये हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड तिथे आला. वय २३. हाही हेलिबरीचाच पदवीधर. त्याच्या जोडीला मुंबई इंजिनिअर्समधला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट, त्याच वयाचा. एकाच महाविद्यालयातून निघालेल्या दोन तरुणांनी एकाच जिल्ह्यात एकच प्रश्न हाती घेतला. दुसऱ्याने प्रश्न विचारण्याची रीतच बदलली.

१९/
प्रिंगल विचारत होता : या जमिनीतून सिद्धान्तानुसार किती खंड निघायला हवा? गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी विचारले : मागच्या अनेक वर्षांत या मुलखाने प्रत्यक्षात किती भरले, कोणत्या वर्षी किती बाकी राहिली, कोणता दर असताना लागवड वाढली आणि कोणता असताना रान पडीक पडले? निव्वळ उत्पन्न काढण्याचा नाद त्यांनी सोडून दिला. पूर्वीची वसुली, भाव, पाऊस, बाजारपेठेचे अंतर पाहून गावांच्या एका गटासाठी एकूण झेपेल असा दर ठरवायचा आणि मग तो शेतांवर वाटायचा, अशी ही रीत होती.

२०/
वाटपासाठी त्यांनी मातीची प्रतवारी केली, पण ती पिकावरून नव्हे. ती पाहायची खोलीवरून आणि पोतावरून, म्हणजे कुदळ मारली की दिसेल अशा खुणांवरून. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची उत्तम माती म्हणजे १६ आणे. तिथून १४, १२, १० असे उतरत नवव्या प्रतीला २ आणे. वाळू मिसळलेली, उताराची, पाणथळ अशा दोषांसाठी प्रत खाली आणायची. यात एका शेताची दुसऱ्या शेताशी तुलना होती. ‘या शेतात इतके मण पिकते’ असा दावा कुठेच नव्हता. एकाने लावलेली प्रत दुसरा अधिकारी खड्डा खणून पडताळू शकत होता, आणि काही शेतांची अशी फेरतपासणी करण्याचा नियमही होता. शेतातला नापीक तुकडा वेगळा काढून आकारातून वगळला जाई. तोच सात-बारावरचा पोटखराबा.

२१/
इंदापूरची आकारणी १८३६ पासून ३० वर्षांसाठी कायम झाली. मधल्या काळात कोणी विहीर खणली, बांध घातला, तरी वाढीव सारा नाही. पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली येऊ लागली. ही पद्धत मग टप्प्याटप्प्याने पुणे जिल्ह्याच्या इतर भागांत, जुन्नर-आंबेगावच्या मावळात आणि मैदानात, आणि पुढे सबंध मुंबई इलाख्यात पसरली. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने तिला कायमचे रूप दिले. शेताला क्रमांक, क्रमांकाला हद्दीचे दगड, दगडांच्या आतल्या मातीला आणे आणि आण्यांवरून आकार, हा साचा तिथून आला.

२२/
ही सुखान्त कथा मात्र नव्हे. नव्या पद्धतीत माती तपासता येत होती, पण वरचा दर किती, हे शेवटी अधिकाऱ्याच्याच मनावर होते. ३० वर्षे संपली ती नेमक्या चुकीच्या वेळी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे आणि त्याबरोबर सगळेच भाव चढले होते. त्या तेजीच्या छायेत १८६७ पासून इंदापूर आणि भीमथडीत नवे, बरेच चढे दर लागू झाले. मग भाव कोसळले. तेजीच्या काही वर्षांचे आकडे पुढच्या ३० वर्षांवर लादले गेले होते. प्रिंगलच्या वेळची चूक वेगळ्या दाराने परत आली.

२३/
या वेळी मात्र एक नवी गोष्ट घडली. आकडे मोजण्याची मक्तेदारी सरकारकडे राहिली नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी तिचे प्राण होते, आणि १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आल्यावर तिला अर्थशास्त्राची बैठक मिळाली. विलायतेतल्या संसदीय समितीपुढे ठेवण्यासाठी सभेने एक उपसमिती नेमून शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती जमवली आणि १८७३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारच्या आकड्याला प्रजेच्या आकड्याने दिलेले हे उत्तर होते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात अर्जविनंतीच्या जोडीला आकडेवारी आली ती इथे.

२४/
१८७४ मध्ये मुंबई सरकारने फेरआकारणीतल्या वाढीवर मर्यादा घातली : गावांच्या गटावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के, एका खातेदारावर १०० टक्के. यापुढे जायचे नाही. तोवर उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांची कारणे किती साऱ्यात आणि किती सावकारीत, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. जाळले गेले ते कागद होते, ही गोष्ट मात्र निर्विवाद. शेतकऱ्याला ठाऊक होते की त्याचे भवितव्य कुठे लिहिलेले आहे. त्यानंतर चौकशी आयोग आला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला.

२५/
प्रिंगलच्या मूळ प्रश्नाला, ‘शेतात खरोखर किती पिकते?’ याला, शास्त्रीय उत्तर मिळायला आणखी सत्तर वर्षे जावी लागली. ते शोधणाऱ्यांत एक मराठी विद्यार्थी अग्रभागी होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध हे गाव. फर्ग्युसनमधून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये सांख्यिकीत डॉक्टरेट घेऊन परतले. १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी पीककापणी प्रयोगांची पद्धत बसवली. तिचा गाभा साधा आहे : कोणते शेत मोजायचे हे कारकुनाने, पाटलाने किंवा साहेबाने निवडायचे नाही. गाव, शेत आणि शेतातला तुकडा, तिन्ही यादृच्छिक रीतीने निवडायचे. निवडीत कोणाचाही हात नसला, म्हणजे लाचेला आणि लोभाला जागा उरत नाही, आणि अंदाजात किती चूक असू शकते हेही सांगता येते.

२६/
प्रिंगलच्या हिशेबात हेच दुसरे वाक्य नव्हते. त्याने ५५ टक्क्यांचा दर सांगितला, पण ज्या आकड्यावर तो दर लावायचा, तो किती डळमळीत आहे हे सांगितले नाही. त्या काळी ते मोजण्याचे गणित पुरेसे विकसितही नव्हते. पण गोल्डस्मिड आणि विंगेटनाही ते गणित येत नव्हते. आपल्याला जे नेमके कळू शकत नाही, त्यावर कर उभा करायचा नाही, एवढे शहाणपण त्यांनी दाखवले.

२७/
आज ओझरच्या शिवाराला येडगाव धरणाचे पाणी लागलेले आहे. ज्या राना-मळ्यांना कधीकाळी आण्यांत मोजले, तिथे ऊस आणि द्राक्षे उभी आहेत, आणि शेजारचे नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखले जाते. तरीही आण्यांची भाषा गेलेली नाही. पिकाच्या आणेवारीची पैसेवारी झाली, आणि ती ५० पैशांच्या खाली आली की टंचाई, हा निकष महाराष्ट्राने अनेक वर्षे वापरला. पीकविम्याची भरपाई आजही मंडळातल्या पीककापणीच्या आकड्यांशी जोडलेली असते. उपग्रहाची छायाचित्रे आली, संगणकीय प्रारूपे आली. विदाविज्ञान आणि सार्वजनिक धोरण एकत्र शिकवणारे अभ्यासक्रमही आले. तिथे शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर उद्या कोणत्या तरी योजनेचा असाच एक रकाना येणार आहे.

२८/
त्या रकान्यात आकडा भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न दख्खनने १८३० मध्येच लिहून ठेवले आहेत. आकडा कोणी आणला, आणि तो वाढल्याने किंवा घटल्याने कोणाचा फायदा होतो? मूळ मोजणीत थोडी चूक असेल, तर शेवटच्या निष्कर्षात ती किती पटींनी वाढते, आणि सर्वांत दुबळ्या माणसावर ती किती पडते? मावळ आणि मैदान एकाच सरासरीत तर कोंबलेले नाही ना? आणि ज्याच्याविषयी हा आकडा आहे, त्याला तो वाचता येतो का, नाकारता येतो का?

२९/
प्रिंगल बुद्धिमान होता, अभ्यासू होता, आणि त्याचा हेतूही वाईट नव्हता. एवढे सगळे असूनही शेते ओस पडली. पुढच्या वेळी सात-बारा हातात आला, तर ‘आकार’ आणि ‘पोटखराबा’ या दोन रकान्यांवर क्षणभर थांबावे. कुदळ मारून पडताळता येईल तेवढेच लिहायचे, हा धडा मोठी किंमत मोजून मिळाला आहे, आणि तो अजून त्या कागदावर छापलेला असतो.

थ्रेड समाप्त.